तुमच्या तक्त्यातलं शून्य आमच्या खिशातलं आहे

प्रति,
संचालक मंडळ आणि मनुष्यबळ विभाग,
मी जिथे काम करतो ती सूक्ष्मवित्त (बायांना गटाने, बिनतारण छोटी कर्जं देणारी) कंपनी, आणि तिच्यासारख्याच बाकीच्या कंपन्या

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात सगळ्या फील्ड स्टाफच्या टॅबवर एक सर्व्हे आला. ‘कंपनीत काम करताना काय आवडतं? काय आवडत नाही?’ प्रत्येक उत्तराला दोनशे अक्षरांची जागा. आमच्या शाखेत आम्ही सहा जण. बीएम (ब्रँच मॅनेजर) साहेबांनी सांगितलं, डे-क्लोजच्या, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद व्हायच्या, आधी सगळ्यांचा भरून झाला पाहिजे. झाला. सगळ्यांनी पाच तारे दिले आणि ‘आवडत नाही’च्या रकान्यात ‘काही नाही’ लिहिलं. मीही तेच लिहिलं. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, कारण तुम्ही विचारलं होतं आणि मी खोटं उत्तर दिलं. म्हणून हे पत्र. यात कंपनीचं नाव घालत नाही. बाकीच्या कंपन्यांतले माझे मित्र रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवर हेच बोलतात, त्यामुळे नावाने फारसा फरक पडत नाही.

आधी आवडतं ते सांगतो, आणि ते मनापासून सांगतोय.

मी परभणी जिल्ह्यातला. घरची तीन एकर कोरडवाहू. बी.ए. केलं, दोन वर्षं पोलीस भरतीसाठी पळालो, दोन्ही वेळा थोडक्यात राहिलो. 2019 च्या जूनमध्ये तुमच्या विभागीय कार्यालयात मुलाखतीला आलो तेव्हा खिशात एसटीच्या परतीच्या तिकिटापुरते पैसे होते. सकाळी मुलाखत झाली, संध्याकाळी हातात पत्र. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणाची चिठ्ठी मागितली नाही, आडनाव ऐकून कुणाचा चेहरा बदलला नाही. आमच्याकडे एखाद्या संस्थेत शिपाई म्हणून चिकटायचं तरी काय मोजावं लागतं, ते मराठवाड्यात कुणालाही विचारा. त्या दिवशी आईने गल्लीत साखर वाटली होती.

पगार कधी सात तारखेच्या पुढे गेला नाही. पीएफ कापला जातो आणि खरोखर जमा होतो, मी दर तीन महिन्यांनी पासबुक बघतो. 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्चपासून ऑगस्टपर्यंत हप्त्यांना मुदत दिली, आमचं कलेक्शन ठप्प झालं, तरी पगार थांबला नाही. त्या वर्षी माझ्या चुलतभावाची पुण्यातली नोकरी गेली आणि दोन घरं माझ्या पगारावर चालली. हे मी विसरलेलो नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना तुम्हीही विसरू नका, एवढीच विनंती.

पण खरं सांगायचं तर मी इथे टिकलो तो पगारामुळे नाही. सेंटर मीटिंगमुळे, म्हणजे गावातल्या कर्जदार बाया जमून हप्ता भरतात त्या बैठकीमुळे टिकलो.

तुमच्यापैकी किती जणांनी हल्लीच्या काळात सेंटर मीटिंग पाहिली आहे, मला माहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. बीड जिल्ह्यातलं एक गाव. सकाळी सव्वासात. वेळ बायांनीच ठरवलेली, कारण आठ वाजता शेतावर जायचं असतं. समाजमंदिराच्या फरशीवर सतरंजी टाकलेली. अठरा-वीस बाया गटागटाने, पाच-पाचच्या ओळीत बसतात. एक मावशी आहेत, साठीच्या आसपास, अंगठाबहाद्दर. पदराच्या गाठीतून नोटा काढतात, दहाच्या वेगळ्या, पन्नासच्या वेगळ्या, शंभरच्या वेगळ्या अशा गुडघ्यावर लावतात, दोनदा मोजतात, मग शेजारणीला मोजायला देतात आणि मगच माझ्या हातात. साडेसहा वर्षांत त्यांच्या नोटांत मला एकदाही दहा रुपयांचा फरक सापडला नाही. माझ्या टॅबच्या आधी त्यांना माहीत असतं की आपले किती हप्ते राहिले. पावतीवर बोट ठेवून विचारतात, ‘सर, बावीस ना?’ बावीसच असतात.

दुसऱ्या एका सेंटरला एक ताई आहेत. 2019 मध्ये पिको-फॉलच्या मशीनसाठी त्यांना 30,000 रुपयांचं पहिलं कर्ज मीच दिलं होतं. हाऊस व्हिजिटला गेलो तेव्हा नवऱ्याने दारातच सांगितलं की बाईच्या नावावर कर्ज नको. ताई आतून काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी शेजारच्या पोराच्या मोबाईलवरून फोन केला : ‘उद्या परत या, ते बाजाराला जाणारेत, माझ्या सासूबाई बोलतील.’ सासूबाई बोलल्या. आज ताईंकडे तीन मशिनी आहेत, लग्नसराईत दोन मुली हाताखाली असतात, आणि थोरली लेक नर्सिंगला आहे. तिच्या फीची पावती त्यांनी मला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर दाखवली होती. त्या दिवशी मी उन्हात ऐंशी किलोमीटर गाडी चालवून परत आलो आणि थकलो नाही.

इंडक्शनला तुम्ही आम्हाला बांगलादेशातल्या जोबरा गावाची गोष्ट सांगितली होती. 1976 मध्ये मुहम्मद युनूस यांनी 42 जणांना मिळून 27 डॉलर स्वतःच्या खिशातून दिले, तिथून ग्रामीण बँक उभी राहिली आणि 2006 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. तारण नसलेल्या माणसावर विश्वास टाकायचा, असं ट्रेनर सरांनी फळ्यावर लिहिलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

आता नावडतं.

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागातली गावं अर्धी रिकामी होतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे तोडणीची आगाऊ मजुरी, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तो हिशेब. दिवाळीच्या आगेमागे ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात जातात ती मार्चपर्यंत. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. आमचा हप्ता मात्र दर पंधरा दिवसांनी येतोच. ऊसतोडीला गेलेली बाई फडातून फोनवरून पैसे पाठवते, कधी मुकादम वेळेवर देत नाही, कधी रेंज नसते, कधी गटातल्या बाकीच्या चौघी तिचे भरतात आणि मग त्यांच्याच घरात भांडण लागतं.

2023 च्या डिसेंबरातली गोष्ट. एका सभासदाचा 980 रुपयांचा हप्ता आला नव्हता. ती कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर होती, फोन बंद. शाखेची त्या दिवसाची डिमांड, म्हणजे वसूल व्हायची रक्कम, सव्वातीन लाखांच्या वर होती, बाकी सगळी आली होती, तेवढे 980 राहिले होते. साहेबांचा फोन आला : तिच्या घरी जा, घेतल्याशिवाय उठायचं नाही, लाइव्ह लोकेशन टाक. साहेबांना एरिया मॅनेजरचा फोन येत होता, त्यांना त्यांच्या वरच्यांचा. मी संध्याकाळी साडेसहाला तिच्या ओसरीवर जाऊन बसलो. घरात सासू आणि दोन नातवंडं. म्हातारीने एकदाच सांगितलं, ‘सून आल्यावर देईल, माझ्याजवळ काही नाही बाबा.’ नंतर ती बोलली नाही. मीही बोललो नाही. मोठा नातू दिव्याखाली पाढे लिहीत होता, माझ्याकडे बघत होता आणि परत लिहीत होता. दर वीस मिनिटांनी मला व्हिडिओ कॉल येई आणि मला कॅमेरा फिरवून घर दाखवावं लागे. साडेआठला तिने भाकरी थापल्या. एक ताटलीत घालून, वर लसणाची चटणी घालून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, ‘जेव. तुझी माय वाट बघत असंल.’

मी जेवलो नाही. ताटलीला हात लावून उठलो, गावाबाहेरच्या विजेच्या खांबाखाली गाडी लावली आणि माझ्या फोनवरून 980 रुपये भरले. मग शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : ‘ओडी झिरो’, म्हणजे थकलेलं काही नाही. लगेच अंगठे आले, एरिया मॅनेजर साहेबांचं ‘वेल डन टीम’ आलं.

रिझर्व्ह बँकेचे मार्च 2022 चे निर्देश आमच्या शाखेच्या भिंतीवर मराठीत लावलेले आहेत. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 च्या नंतर कर्जदाराला फोन करणं ही जाचक वसुली. ठरलेल्या जागी लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा बाई आली नाही, तरच घरी जायचं. ती बाई त्याच्या आधी एकदाही चुकली नव्हती. नियम मला तोंडपाठ होता, त्याची परीक्षा मी पास झालो होतो, आणि तरी मी तिथे दोन तासांच्या वर बसलो. हा माझा दोष आहे, तो मी कुणावर ढकलत नाही. पण मी तिथे का बसलो ते तुम्हाला कळलं पाहिजे.

आमचा इन्सेन्टिव्ह कलेक्शन शंभर टक्के असेल तरच लागू होतो. एक हप्ता राहिला की महिन्याचे साडेतीन-चार हजार गेले. पगाराच्या स्लिपवर ते ‘जादा’ म्हणून दिसत असतील. घरभाडं, गाडीचा हप्ता आणि आईचं बीपीचं औषध त्यावरच चालतं. म्हणून 980 स्वतःचे भरणं परवडतं. दुसऱ्या दिवशी आणखी एक भरावा लागतो. आमच्या शाखेत असा महिना गेला नाही की कुणीतरी स्वतःच्या खिशातून हप्ता भरला नाही. एका पोराने बहिणीकडून उसने घेऊन सभासदांचे हप्ते भरले. तो आता नोकरीत नाही, पण बहिणीचे पैसे अजून फेडतोय.

तुमच्याकडे मुख्यालयात जो तक्ता जातो, त्यात आमची शाखा हिरवी दिसते. त्या हिरव्या रंगात आमचे किती रुपये आहेत, हे तुम्हाला कुठेही दिसत नाही. तुम्हाला वाटतं गावात सगळं ठीक आहे, म्हणून तुम्ही पुढच्या महिन्याचं टार्गेट वाढवता. मग आम्हाला नवीन सभासद लागतात, आणि नवीन म्हणजे ज्यांच्यावर आधीच दोन-तीन कंपन्यांची कर्जं आहेत त्याच बाया. नियम आहे की घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त हप्ते जाता कामा नयेत. ते उत्पन्न टॅबवर भरतो कोण? आम्ही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आधी हप्त्याचा आकडा बघितला जातो आणि मग उत्पन्नाचा लिहिला जातो. हे वाचून कुणाला धक्का बसेल असं मला वाटत नाही. 2024 मध्ये आपल्याच उद्योगाच्या स्वनियामक संस्थेला एका कर्जदाराला जास्तीत जास्त चार कंपन्या आणि एकूण दोन लाख अशी मर्यादा घालावी लागली, पुढे चारच्या तीन झाल्या. क्रेडिट ब्युरोत, म्हणजे कुणावर किती कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, बाया धडाधड रिजेक्ट व्हायला लागल्या आणि जुन्या हप्त्यांसाठी नवं कर्ज मिळेनासं झालं. त्या रागाला, रडण्याला सामोरं कोण गेलं? ज्याला दारात उभं राहून ‘ताई, यावेळी नाही होणार’ सांगावं लागतं तो. गाडीच्या चाकाची हवा सोडलेली मी पाहिली आहे. ज्या सेंटरवर मला चहा मिळायचा, तिथे दार लावून घेतलेलं पाहिलं आहे.

हे सगळं एकदा होऊन गेलेलं आहे. 2010 मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचामुळे सरकारला अध्यादेश काढावा लागला, तिथली वसुली कोसळली, मग रिझर्व्ह बँकेची मालेगम समिती आली, मग 2011 च्या डिसेंबरात आपल्यासारख्या कंपन्यांसाठी वेगळा वर्ग आणि वेगळे नियम आले. नोटाबंदीनंतर विदर्भात काय झालं ते आमचे जुने साहेब अजून सांगतात, कर्ज माफ होणार म्हणून अफवा उठली आणि बाया मोर्चे घेऊन निघाल्या. कंपन्यांना दरवेळी ते शेवटी कळलं. ओसरीवर बसणाऱ्याला ते सहा महिने आधी कळत होतं, पण त्याने तसं लिहिलं असतं तर त्याचा इन्सेन्टिव्ह गेला असता.

रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच आपल्या कंपन्यांसाठी लिहून ठेवलंय की कर्मचाऱ्यांचा मोबदला ठरवताना किती कर्जं वाटली आणि किती वसूल झालं एवढंच बघू नका, सेवा आणि कर्जदाराचं समाधान याला जास्त वजन द्या. हे मला ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नाही. प्रमोशनच्या परीक्षेचा अभ्यास करताना मी स्वतः वाचलं, दोनदा वाचलं. माझ्या साडेसहा वर्षांच्या एकाही इन्सेन्टिव्ह चार्टमध्ये ‘सेवा’ नावाचा रकाना नव्हता. मला आपल्याकडून सगळ्यात आधी तो रकाना हवा आहे.

दुसरं, 2022 च्याच निर्देशांत असंही आहे की हप्ता किती दिवसांनी घ्यायचा हे कर्जदाराच्या गरजेप्रमाणे ठरवता यावं, आणि तसं धोरण संचालक मंडळाने मंजूर करावं. ते मंजूर झालंही असेल. आमच्या टॅबवर पंधरा दिवस किंवा महिना, एवढेच दोन पर्याय येतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या घराला नोव्हेंबर ते मार्च हलका हप्ता आणि पट्टीचा, म्हणजे हंगामाच्या मजुरीचा, हिशेब झाल्यावर एप्रिल-मेमध्ये मोठा, असा पर्याय टॅबमध्ये द्यायला काय लागतं? कोणत्या घराला तो द्यायचा हे मी तुम्हाला आज बसून सांगू शकतो, माझ्याकडच्या चारशे सभासदांपैकी एकेक नाव घेऊन.

बाकीचं थोडक्यात. सहा वाजता कर्जदाराचा फोन बंद होतो, आमचा होत नाही. रात्री दहाला रिव्ह्यू कॉल असतो, आणि ज्याचा हप्ता राहिला त्याचं नाव ग्रुपवर लाल रंगात येतं. माझ्या बायकोने ते नाव एकदा वाचलं आणि मला विचारलं, तुम्ही काही चोरी केली का? बॅगेत दीड-दोन लाख रोख घेऊन एकट्याने घाट उतरताना मागून येणारी प्रत्येक मोटारसायकल छातीत धडधड करते. आमच्यातल्या एकाची बॅग गेली, हात मोडला, आणि दवाखान्यात पहिला प्रश्न आला की रक्कम किती होती. पेट्रोलचा भत्ता 2021 मध्ये ठरला तो तिथेच आहे. घरापासून लांब पोस्टिंग का देतात ते कळतं, ओळखीत गैरव्यवहार होऊ नये म्हणून, ते मान्य. पण दोन वर्षांत चार बदल्या झाल्या की माणसाचं लग्न जमत नाही. शाखेत दोन मुली लागल्या होत्या, दोघी हुशार, बाया त्यांच्याशी माझ्यापेक्षा मोकळं बोलायच्या. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत रस्त्यावर, वाटेत कुठे बाथरूम नाही, आणि संध्याकाळी एकटीने वसुलीला जायचं. चार महिन्यांत दोघी गेल्या. ज्या कंपनीचे सगळे ग्राहक बाया, त्या कंपनीत बाई टिकत नाही, यावर एकदा बसून विचार करा. आणि जे सोडून जातात त्यांचा फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, वेळेवर द्या. रिलिव्हिंग लेटरसाठी पोरं शाखेच्या पायरीवर येऊन बसतात, तेव्हा आत काम करणाऱ्यांना स्वतःचा पुढचा दिवस दिसतो.

मी राजीनामा देत नाही. तीन कंपन्यांनी विचारलंय, एकीने पगारही जास्त सांगितलाय, पण मला माझी सेंटरं सोडवत नाहीत.

त्या डिसेंबरातल्या बाईचं राहिलं. तिचे पुढचेही दोन हप्ते मीच भरले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती हंगाम संपवून परत आली. मीटिंग संपल्यावर बाकीच्या बाया गेल्या तरी ती थांबली. हाताला कोयत्याचे घट्टे, बोटांना चिंध्या बांधलेल्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पैसे तिने माझ्यासमोर मोजले, 2,940. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. म्हातारीने पावत्यांवरून हिशेब लावला होता : पावती निघाली, पैसे आपण दिले नाहीत, म्हणजे या पोराने दिले. मी नको म्हणालो. ती म्हणाली, ‘दादा, कुणाचं ठेवून झोप लागत नाही.’ मग तिने हात पुढे केला, प्रत्येक हप्त्याला करते तसा, पावतीसाठी. माझ्या गळ्यात प्रिंटर होता, पण टॅबवर ते हप्ते डिसेंबर-जानेवारीतच भरलेले दिसत होते. तिला द्यायला माझ्याकडे कागद नव्हता.

आपला,
एक फील्ड ऑफिसर
बीड जिल्हा